सातव्या क्रमांकावरची स्पेस

शेतकऱ्यांच्या एका अ‍ॅपवर मी काम करत होतो. ‘सातबारा उतारा’ नावाची फाइल उघडली की अ‍ॅप बंद पडायचं. लॉगमध्ये तक्रार एकच: पाथमध्ये सातव्या क्रमांकावर अवैध अक्षर. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं. स, काना, त, ब, काना, र, काना. मोजणी शून्यापासून, म्हणजे सातवर येते ती दोन शब्दांमधली स्पेस. देवनागरीला जावाच्या यूआरआय क्लासची हरकत नव्हती, तो अडला होता रिकाम्या जागेवर.

अँड्रॉइडच्या युरीने मात्र तेच नाव मुकाट्याने घेतलं होतं. तिन्ही अक्षरं कॅपिटल (URI) तो जावाचा, फक्त यू कॅपिटल (Uri) तो अँड्रॉइडचा. एडिटर दोन्ही सुचवतो आणि घाईत भलताच इम्पोर्ट होतो.

या क्लासेसचा स्वभाव त्यांच्या जन्मवर्षात आहे. थोरला यूआरएल, 1996 च्या पहिल्या जावातला. पत्ता सांभाळणं आणि त्या पत्त्यावर जाणं, दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. त्यामुळे जावात दोन यूआरएल सारखे आहेत का एवढं विचारलं, तरी तो होस्टचा आयपी शोधायला डीएनएसकडे धावतो. 2002 मध्ये जावा 1.4 सोबत यूआरआय आला तो हे ओझं टाकूनच. नेटवर्कला हात लावायचा नाही, बर्नर्स-ली, फील्डिंग आणि मॅसिन्टर यांनी 1998 मध्ये लिहिलेल्या आरएफसी 2396 चं व्याकरण तेवढं बघायचं. चुकलं की एक्सेप्शन.

मग 2008 चा अँड्रॉइड फोन टी-मोबाइल जी1 आला: 192 एमबी रॅम, 528 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्यात कॉन्टॅक्टपासून फोटोपर्यंत जो तो युरीच्या पत्त्याने ओळखला जाणार. प्रत्येक पत्त्याचं व्याकरण तपासत बसणं त्या फोनला परवडणारं नव्हतं. म्हणून युरीची पार्स मेथड स्ट्रिंग नुसती जवळ ठेवते. पाथ मागाल तेव्हा ती उलगडते. चुकीचा पत्ता दिलात तर एक्सेप्शनऐवजी कचरा हाती येईल, हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे. पूर्वी मला हा ढिसाळपणा वाटायचा. आता त्या फोनसाठी तोच निर्णय योग्य होता, असं मी ठामपणे म्हणतो. माणसाने हाताने टाइप केलेल्या नावाला मात्र कडक यूआरआयच हवा. त्याने अडवलं नसतं तर ती स्पेस मला दिसलीच नसती.

मी फाइलचं नाव एन्कोड करून दिलं. स्पेसच्या जागी %20 आलं आणि उतारा उघडला.