नळदुर्गचे तारण

नळदुर्ग म्हटले की बोरी नदीवरील बंधारा, त्याच्या पोटातील पाणी महाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे आठवतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील ही वास्तू प्रशंसनीय आहे, यात शंका नाही. परंतु सत्ता, पैसा आणि नीती यांचे नाते उघड करणारे एक प्रकरणही याच भूमीवर घडले.

१८५३ च्या तहान्वये निजाम नासिरुद्दौलाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कारण, हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी. १८०० च्या तहाने निजामाने युद्धप्रसंगी सैन्य पुरवावयाचे होते. ही फौज मात्र शांततेच्या काळातही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसली गेली. तहाच्या आधारे हा खर्च मागता येत नाही, असे गव्हर्नर जनरल डलहौसीने स्वतःच्या टिपणात नमूद केले होते. तरीही मुलूख घेतला गेला. अन्याय कळला नव्हता असे नाही. तो कळूनही सोयीचा वाटला.

याआधी पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने निजाम सरकारला जबर व्याजाने कर्जे दिली होती. १८२३ मध्ये ती भागविण्यासाठी निजामाला उत्तर सरकारांची वार्षिक पेशकशी कायमची सोडावी लागली. पेढीच्या विल्यम पामरचे जावई फिलिप मेडोज टेलर हेच पुढे नळदुर्गचे प्रशासक झाले. त्यांनी किल्ल्यात राहून जमीनमोजणीसारखी उपयुक्त कामे केली. पण चांगल्या अधिकाऱ्याच्या सचोटीने मुळातील व्यवहार शुद्ध होतो काय?

निजामालाही निर्दोष म्हणता येणार नाही. त्याच्या राज्यात सारावसुलीचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत. धनको व ऋणको यांच्या या व्यवहारात ज्याच्या घामातून पैसा यावयाचा, त्या रयतेला कोणीच विचारले नाही. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला. म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर परत मिळाले आणि सुमारे पन्नास लाखांचे येणे माफ झाले. वऱ्हाड मात्र कंपनीनंतर आलेल्या ब्रिटिश सरकारने राखून ठेवले. जे कर्ज वसुलीच्या वेळी अटळ होते, ते बक्षिसाच्या वेळी एका स्वाक्षरीने नाहीसे झाले. यावरून ते धन कमी आणि सत्तेचे साधन अधिक होते, हे स्पष्ट होते.

अंगुत्तर निकायातील इणसुत्तात तथागतांनी दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन अशी दुःखाची साखळी सांगितली आहे; अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्त हाच विषय निवडला, ही बाब येथे उद्बोधक ठरते. राज्यसंस्थेचे शील तिच्या घोषणांपेक्षा तिच्या हिशेबाच्या वहीत अधिक स्पष्ट दिसते.

आजही कर्ज, अनुदान आणि कर्जमाफी यांचे निर्णय होतात. प्रत्येक निर्णयापुढे नळदुर्गचा प्रश्न ठेवावा: कर्ज कोणी काढले, कोणी फेडले आणि माफीचे श्रेय कोणी घेतले? ही तीन नावे वेगवेगळी निघाली, तर कायद्याची मोहोर असूनही तो व्यवहार धम्माच्या कसोटीस उतरत नाही.