‘किती वाचले?’ ते ‘काय राहून गेले?’ : कर्करोगोत्तर गरजांच्या मोजमापाचा इतिहास



वैद्यकाच्या इतिहासात नव्या औषधांची नोंद ठळकपणे होते. नव्या प्रश्नांची क्वचितच. अशाच एका प्रश्नाचा इतिहास आपण या टिपणात पाहू. कर्करोगाचे उपचार संपल्यावर माणसाला कोणती मदत हवी असते आणि त्यातली कोणती मिळत नाही?

१. जुने माप

विसाव्या शतकात बराच काळ यशाचे मुख्य माप होते ते निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण जिवंत आहेत, हे. कोणता उपचार चांगला हे ठरवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण थकवा, वंध्यत्व, गेलेली नोकरी, आजार उलटण्याची भीती यांना त्यात जागा नव्हती. जिवंत असलेला प्रत्येक जण तक्त्यात ‘यश’ म्हणूनच मोजला जाई.

२. रुग्ण झालेला डॉक्टर

अमेरिकन डॉक्टर फिट्झ्यू मुलान यांना १९७५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, छातीत कर्करोग असल्याचे कळले. ते वाचले. १९८५ मध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिले की ‘बरा’ आणि ‘न बरा’ असे दोनच कप्पे पुरेसे नाहीत. त्यांनी तीन टप्पे मांडले: निदान व उपचारांचा, उपचारांनंतर धास्तीत जाणारा आणि दीर्घकाळ स्थिरावलेला. प्रत्येक टप्प्याच्या गरजा वेगळ्या. पुढच्याच वर्षी त्यांच्यासह काही जणांनी अशा व्यक्तींची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या विषयासाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले.

३. गरज मोजायची कशी?

तापमानासाठी तापमापी लागते, तशी इथे प्रश्नावली लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांची ५९ प्रश्नांची अशी एक प्रश्नावली २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे पाच विभाग होते: मानसिक, माहिती व आरोग्ययंत्रणा, शारीरिक व दैनंदिन, काळजी व आधार आणि लैंगिकता.

तिच्यातील उत्तरांचे पर्याय नीट पाहा. ‘त्रास किती?’ असे ती विचारत नाही. गरजच नव्हती, गरज होती पण भागली, की अजून थोडी, मध्यम किंवा तीव्र गरज उरली आहे, असे विचारते. समजा, दोघांना सारखाच थकवा आहे. एकाच्या घरी कामाला हात आहेत, दुसरी व्यक्ती एकटी आहे. त्रासाचा आकडा सारखा, पण न भागलेली गरज वेगळी. ही दरी मोजता येऊ लागली, हाच या साधनाचा खरा नवेपणा. २००७ मध्ये, उपचारांनंतरच्या आयुष्यासाठी ३५ गरजांची वेगळी प्रश्नावलीही ऑस्ट्रेलियातच पुढे आली.

४. भारतात

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ मध्ये, बालपणी कर्करोग होऊन उपचार पूर्ण झालेल्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. याची गरज का? काही औषधांचा हृदयावरील परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतो. म्हणून कोणते औषध किती दिले गेले, याचा कागद मोठेपणीही हाताशी लागतो.

बाहेरची प्रश्नावली आपल्याकडे नुसती भाषांतर करून भागत नाही. तपासणीसाठी शहरात येण्याचे भाडे, बुडणारी मजुरी, लग्न जमवताना लपवावा लागणारा आजार यांचे प्रश्न तिच्यात घालावे लागतात. त्याहून कठीण अडचण अशी: समुपदेशन किंवा फिजिओथेरपी मिळू शकते हेच ज्याला माहीत नाही, तो ‘गरज नाही’वर खूण करून मोकळा होतो. म्हणजे कमी आकडा हे समाधानाचे लक्षण असेल किंवा मदतीची कल्पनाच नसल्याचे. तुम्ही सर्वेक्षण वाचाल तेव्हा हा फरक तपासा. नाहीतर सर्वांत वंचित माणूसच सर्वांत समाधानी ठरेल.

विचारासाठी प्रश्न

१. ‘त्रास’ आणि ‘न भागलेली गरज’ यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. तपासणीला येणे ज्यांनी थांबवले आहे, त्यांच्या गरजा तुम्ही कशा शोधाल?