पन्हे आणि पानकरस

लग्नसमारंभात हल्ली ‘मॉकटेल’ची पाटी दिसते, मद्यविरहित मिश्रपेय मात्र आपल्याकडे नवे नाही. बौद्ध विनयपिटकाने भिक्षूंना मद्य निषिद्ध ठरवले, पण आंबा, जांभूळ, द्राक्ष आदींची 8 पेये ग्राह्य मानली. अशा पेयांना संस्कृतात ‘पानक’ही म्हणत. आपले ‘पन्हे’ त्याच शब्दाचे मराठी रूप. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कोल्हापुरात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची यांचे पन्हे होते. दक्षिणेत रामनवमीच्या ‘पानकम्’मध्ये कैरी नसते, गुळासोबत सुंठ असते.

या पेयाने काव्यशास्त्रालाही दृष्टान्त पुरवला. 11व्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसास्वाद ‘पानकरसन्याया’ने स्पष्ट केला. पन्ह्यात आंबट, गोड, तिखट वेगवेगळे जाणवत नाहीत, त्यांतून एकच अपूर्व चव सिद्ध होते. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांचेही तसेच. आमचे विद्यार्थी ही संज्ञा पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवतात, पण ती घरच्या पन्ह्याशी जोडत नाहीत. आम्हांस चिंता मॉकटेलची नाही. घरातून ‘पन्हे’ हा शब्द गेला, तर मम्मटाचा दृष्टान्तच दुर्बोध होईल आणि त्यासाठीही आम्हांला टीप द्यावी लागेल.