शिर्डीहून चौलचे बंदर

शिर्डीत पडलेल्या पावसाचे पाणी गोदावरीला मिळते आणि पार पूर्वेला, बंगालच्या उपसागरात जाते. राहाता बाजार समितीतला कांदा मात्र उलट्या दिशेने निघतो. घाट उतरून न्हावाशेवा बंदरातून आखाती देशांत जातो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवली. या भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नसेल. पण बंदराचे महत्त्व त्या पाच महिन्यांत त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आपल्या इतिहासाच्या बाबतीत मात्र ते अजून सांगावे लागते. नगर जिल्ह्यातल्या मुसलमानाला त्याच्या भूतकाळाविषयी विचारा. तो भुईकोट किल्ला सांगेल, फराहबाग सांगेल, दमडी मशीद सांगेल आणि चाँदबीबीचे नाव तर घेईलच. समुद्राचे नाव त्यात येणार नाही. शिर्डीच्या ज्या मशिदीला साईबाबा द्वारकामाई म्हणत, तिच्या नावात एक समुद्रकाठचे शहर आहे, हेही आपल्या लक्षात येत नाही. वास्तविक नगरची निजामशाही जगली ती एका बंदराच्या जोरावर, आणि खचली तीही बरीचशी त्याच बंदराच्या तोंडाशी. ते बंदर म्हणजे आजच्या अलिबाग तालुक्यातले चौल.

मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फुटून स्वतंत्र राज्य उभे केले, तेव्हा त्याचे ठाणे जुन्नरला होते. जुन्नर ही घाटमाथ्यावरची जकातीची जागा. सातवाहनांच्या काळापासून कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून तिथे येई. निजामशाहीच्या आधी वीस वर्षे, १४६९ मध्ये, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला एकच चीज होती, एक घोडा. तो घोडा घेऊन तो जुन्नरला पोचला आणि तिथल्या खानाने घोडाच जप्त केला. 'मुसलमान हो, तर परत देतो' असे खान म्हणाला. अखेर मुहंमद नावाच्या एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून परदेशी पाहुण्याचा घोडाही सोडवला आणि धर्मही राखला. या कथेत खान आठवायचा की खुरासानी, हे ज्याने त्याने ठरवावे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो घोडा. दख्खनच्या हवेत चांगली घोड्याची पैदास होत नसे. अरबस्तानातून आणि इराणातून घोडे जहाजाने येत, आणि घोडे ज्याच्या बंदरात उतरत त्याचे घोडदळ बलवान होई.

पण चौलची गोष्ट घोड्यांपासून सुरू होत नाही. हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी इथे आला होता. चौलला तो सैमूर म्हणतो. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, तसेच याच मातीत जन्मलेलेही होते; या दुसऱ्या वर्गाला तो 'बयासिरा' असे नाव देतो. राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली झंझ नावाचा राजा इथे राज्य करीत होता. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, आणि त्या वेळी ते पद अबू सईद मारूफ बिन जकरिया याच्याकडे होते.

अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. म्हणजे त्या स्वारीच्या ३८० वर्षे आधी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुसलमान घरे करून राहत होते, आणि तेही हिंदू राजाच्या छायेत. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातला मुसलमान मात्र घोड्यावर बसून उत्तरेकडूनच येतो. मालाच्या गाठी घेऊन तारवातून उतरलेला मुसलमान त्यात कोठे दिसतो? आणि हा उतरलेला माणूस नुसता व्यापारीच होता असेही नाही. डहाणूजवळच्या चिंचणीला शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा एक संस्कृत ताम्रपट सापडला. त्यात संयान म्हणजे संजाणच्या एका 'ताजिक' अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब. मुहंमद या नावाचे संस्कृतात 'मधुमती' झाले आहे. राष्ट्रकूट राजाने नेमलेल्या या मुहंमदाने नदीवर मोफत तरी चालू केली, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठाला जमीन दिली, असे तो ताम्रपट सांगतो. शिर्डीच्या प्रसादालयाची रांग पाहताना मला अनेकदा त्या अन्नछत्राची आठवण होते.

पोर्तुगीज आले आणि हा जुना व्यवहार मोडला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीज आरमाराला हरवले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा त्यात ठार झाला. बापाने सूड म्हणून आदिलशाहीतले दाभोळ जाळले आणि १५०९ मध्ये दीवला विजय मिळवला. नगरच्या सुलतानाने या साऱ्यात काय केले? बंदर त्याचे होते, पण लढणारी गलबते दुसऱ्यांची होती. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना चौललाच कोट बांधायची परवानगी दिली. मोबदल्यात त्याला काय हवे होते? आपल्या बंदरात घोडे उतरावेत, एवढेच. घोड्यासाठी त्याने समुद्र गहाण टाकला, असे माझे मत आहे.

चूक पुढे कळली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज वस्तीला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर गेला होता आणि कालिकतचा सामुरी मलबारात लढत होता. असा एकोपा दख्खनेत पुन्हा क्वचितच झाला असेल. पण वेढा तीनच बाजूंनी होता. चौथी बाजू पाण्याची, आणि तिकडून गोव्याची कुमक येत राहिली. फरिश्ता तर लिहितो की निजामशाही सरदार दारूच्या नजराण्यांना भुलून शत्रूलाच रसद पोचवीत होते. महिनोन्‌महिने लढून अखेर तह करावा लागला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधून रेवदंड्याची नाकेबंदी करून पाहिली. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तोही जिंकला. पुढच्याच वर्षी मोगल नगरच्या वेशीवर आले. तटावर उभी राहिलेली चाँदबीबी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आदल्या वर्षीचे कोर्लई कोणालाच आठवत नाही.

याची झळ कोणाला बसली? पोर्तुगीज परवान्याशिवाय, कार्ताझशिवाय, जहाज हाकारता येईना. हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. त्यावर ईसा आणि मरियमची चित्रे असत म्हणून अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क 'असा परवाना घेऊन हज फर्जच नाही' असा फतवा देऊन मोकळे झाले. त्यांनी फर्ज काढून टाकले, परवाना मात्र तसाच राहिला.

समुद्र पाठीशी असलेली माणसे शोधायची तर ती दरबाराबाहेर सापडतात. इथिओपियात गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर बगदादमार्गे दख्खनेत आला आणि त्याने पडत्या निजामशाहीला १६२६ पर्यंत टेकू दिला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी आपले राज्य १९४८ पर्यंत टिकवले. शिवाजी महाराजांनी आरमाराचे मोल ओळखले, आणि १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत त्यांच्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता. शिवाय रत्नागिरी-रायगडचे आपले कोकणी बांधव. किती पिढ्या त्यांनी मुंबईच्या गोदीतून परदेशी बोटींवर खलाशी म्हणून काढल्या! त्यांची भाषा साऱ्या मराठीत मुरली आहे. खलाशी, नाखवा, सुकाणू, बंदर, दर्या हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि कोळीवाड्यातही तेच चालतात. कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी मिसळीची एक बोली अजून बोलली जाते. घाटावर समुद्र पोचला तो हजच्या रूपाने. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्द्याला बोट जात असे. ती बंद झाली आणि उरलेला संबंधही तुटला.

ज्या चिंचणीला तो ताम्रपट सापडला, तिच्या जवळच वाढवणला आता देशातले एक सर्वांत मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा पायाभरणी समारंभ झाला; खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. नगर-नाशिकचा कांदाही उद्या कदाचित तिथूनच जाईल, आणि तो जावा असे आम्हां घाटावरच्यांना वाटणे साहजिक आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. भराव पडला की मासा जातो आणि होडी लावायची जागाही जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. अकराशे वर्षांपूर्वी त्याच मुलखात एका मुहंमदाने लोकांना नदीपार न्यायला तर चालू केली होती, आणि तिला पैसे पडत नव्हते.