सीझन उतरल्यावरचं महाबळेश्वर

कोरेगाव तालुक्यातलं वाठार स्टेशन आज पुणे-मिरज मार्गावरच्या अनेक लहान स्थानकांपैकी एक आहे. गाडी थांबते, आसपासच्या गावांची माणसं चढतात-उतरतात, गाडी पुढे जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग आला तेव्हा हे स्टेशन महाबळेश्वरचं दार होतं. मुंबईहून निघालेले साहेबलोक, त्यांच्या मडमा, मुलं, आया, खानसामे आणि पारशी-गुजराती शेठ मंडळी पुण्यात गाडी बदलून वाठारला उतरत. बाहेर टांगे उभे असत. तिथून वाई, वाईहून पसरणीचा घाट, मग पाचगणी आणि शेवटी महाबळेश्वर असा सुमारे चाळीस मैलांचा प्रवास होता. टप्प्याटप्प्यावर घोडी बदलावी लागत. पुढे पुण्याहून थेट मोटारी धावू लागल्या आणि वाठारचं हे महत्त्व ओसरलं.

डोंगरावरच्या गावाचा इतिहास असा डोंगराखालून वाचायला हवा. महाबळेश्वरवर लिहिणारे बहुतेक जण पॉइंटांवरून दरीकडे पाहतात. तिथे बाराही महिने राहणं म्हणजे काय, त्यातून काय मिळतं आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

इंग्रज यायच्या आधी हा डोंगर रिकामा नव्हता. क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचं तीर्थ. खाली जावळीचं खोरं, समोर प्रतापगड. रानात कोळी, कुणबी, धनगर राहत होते. डोंगरउतारावर थोडी राब-कुमरीची, म्हणजे रान जाळून केलेली शेती, गुरं, मध, हिरडा यांवर त्यांचं चाले. धावड समाजाची माणसं जांभ्या दगडातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळत. जगणं कष्टाचं होतं, पण ते कोणत्याही सीझनवर अवलंबून नव्हतं.

१८२४ मध्ये पीटर लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगरमाथ्यावर पोहोचला. इथली थंड हवा आजारी गोऱ्या सैनिकांना मानवेल, असा बोलबाला झाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं त्यात जातीनं लक्ष घातलं आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. महाबळेश्वरच्या माथ्यावरची जागा ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव मिळालं. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कम पेठ. साताऱ्याहून वर येणारा रस्ता महाराजांनी करून दिला. दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, याच कंपनीनं त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या गादीचीच देणगी: प्रतापसिंहांचे बंधू आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ मध्ये बांधून घेतला. पर्यटक आज त्यात होड्या फिरवतात. गावाला मात्र त्या पाण्याचा उपयोग पिण्यासाठी आहे.

हे नवं शहर कोणाच्या हातांनी उभं राहिलं, हेही सांगायला हवं. १८३०च्या दशकात इथे तुरुंग बांधला गेला आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवले गेले. त्यांच्याकडून रस्ते करून घेतले, बागा राखून घेतल्या. शिक्षा संपल्यावर काही जण इथेच राहिले आणि बटाटे, भाजीपाला पिकवून साहेबांच्या बंगल्यांना पुरवू लागले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. चायनामन फॉल या धबधब्याच्या नावात त्या माणसांची खूण उरली आहे. त्यांची स्वतःची नावं कोणी लिहून ठेवल्याचं दिसत नाही.

सीझन दोन होते, पावसाळ्याआधीचा उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे काही आठवडे. उन्हाळ्यात मुंबई सरकारच वर येई. गव्हर्नर, सचिव, कारकून, चपराशी आणि कागदपत्रांच्या पेट्या, सगळं घाट चढे. वाई-साताऱ्याचे दुकानदार पेठेत दुकानं मांडत. जूनचे ढग दिसले की सगळे उतरत.

कारण तिथला पाऊस. वर्षाला सरासरी जवळपास सहा हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत, दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो, धुकं उंबरठा ओलांडून आत येतं. म्हणून मे महिना संपत आला की घरोघरी झड्या बांधण्याची लगबग सुरू होई. रानातलं लांब गवत कापून आणायचं, बांबूच्या कामट्यांवर ते दाट बसवायचं, सुंभानं आवळायचं आणि अशा ताट्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर छपरापासून जमिनीपर्यंत उभ्या करायच्या. पाऊस गवतावर पडून खाली ओघळतो, भिंत कोरडी राहते. बंगल्यांच्या मालकांना हे काम क्वचित पाहायला मिळे. ते तोवर पुण्याला पोहोचलेले असत. झड्या बांधणारा माळी किंवा चौकीदार मात्र त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत पुढचे चार महिने काढी. आज गवताच्या जागी बरेचदा प्लॅस्टिक आणि पत्रा आला आहे, पण जूनच्या आत घर झाकण्याची घाई तीच आहे.

पाचगणी जन्मली ती याच पावसामुळे. महाबळेश्वरपासून अठरा-वीस किलोमीटर अलीकडे, डोंगराच्या आडोशाला पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा वर्षभर राहण्याजोगी आहे, हे हेरून जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथे वस्ती वसवली. सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं लावली. त्याची कबर पाचगणीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

थंड कोरड्या हवेनं पाचगणीला दोन धंदे दिले, शाळा आणि आरोग्यधाम. निवासी शाळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून उभ्या राहू लागल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर सुरू केलं. क्षयावर औषध नसण्याच्या काळात स्वच्छ हवा आणि विश्रांती हाच उपचार होता. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजीही प्रकृती सुधारण्यासाठी पाचगणीत राहिले. स्वित्झर्लंडमधल्या दावोसची कहाणी याहून फार वेगळी नाही. आज बर्फावरच्या स्कीइंगसाठी आणि जागतिक अर्थपरिषदेसाठी गाजणारं ते गाव आधी क्षयरोग्यांचं होतं. तिथे १८६०च्या दशकापासून रुग्ण येऊ लागले, मग खेळाडू आले, मग श्रीमंत आले. डोंगरगावांचा प्रवास जगभर असाच होतो. आधी तब्येतीसाठी येणारे, मग मौजेसाठी येणारे, शेवटी जागा विकत घेणारे.

मूळच्या माणसांचं काय झालं? राखीव जंगलांचे नियम आले, कुमरीची शेती थांबली, कोळसा पाडायला बंदी झाली. लोखंड गाळणाऱ्या धावडांच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विझल्या. कोणी मजुरीला लागलं, कोणी घोडे, हमाली, मध यांकडे वळलं. हवा तीच, डोंगर तोच. पण डोंगरातून मिळणारं स्वतःचं उत्पन्न गेलं आणि पाहुण्याच्या खिशातून येणारं उत्पन्न आलं. सीझनवर जगणाऱ्या गावाचं खरं दुखणं इथे आहे. घोडेवाला, फोटो काढणारा, चपला-काठ्या विकणारा, लॉजवर चादरी बदलणारा, सगळ्यांची वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत ठरते. सुट्टीत पाऊस किंवा साथीचा रोग आला तर वर्ष बुडतं. करोनाच्या दोन उन्हाळ्यांत गावानं ते पुरतं अनुभवलं.

याला मोठा आधार मिळाला तो स्ट्रॉबेरीचा. इंग्रजांनी आणलेलं हे फळ दीर्घकाळ बागेपुरतं होतं. गेल्या तीन-चार दशकांत नव्या जाती आल्या आणि त्याचा मोठा व्यवसाय झाला. त्यातही डोंगर आणि पायथा यांची भागीदारी आहे. कॅलिफोर्नियातून मातृरोपं येतात. महाबळेश्वरच्या पावसात ती टिकणार नाहीत, म्हणून वाईसारख्या कमी पावसाच्या भागात त्यांची रोपवाटिका होते. पाऊस ओसरला की रोपं वर नेतात आणि काळ्या कागदानं झाकलेल्या गादीवाफ्यांवर लावतात. हिवाळ्याच्या तोंडावर फळ सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत चालतं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी या एका पट्ट्यातून येते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार हे स्ट्रॉबेरीचंच गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. पाहुणा आला नाही तरी पेटी मुंबईला जाते, हे स्वातंत्र्य या डोंगराला दीडशे वर्षांनी परत मिळालं, आणि महाबळेश्वरच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे.

थंडीचंही कौतुक आहेच. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्यात दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून येतात. गुलमर्ग-औलीच्या बर्फाची सर त्याला नाही, पण मराठी माणसाला आपल्या मुलखात बर्फ दिसण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक. त्याच पहाटे गादीवाफ्यावरची फुलं काळवंडली नाहीत ना, हे पाहायला शेतकरी धावत असतो.

पावसाचा हिशेबही तसाच विषम आहे. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. दुष्काळी साली उत्तर कोरेगावातल्या गावांना वर्षभरात एवढाही मिळत नाही. आंबेनळी घाटाचा रस्ता खचला, वाड्या तुटल्या. अशा वेळी बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण खाली पोहोचवायचा कसा, हा तिथल्या कुटुंबांचा दरवर्षीचा प्रश्न आहे. इकडे कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ मध्ये श्रमदानानं पाणी अडवून जलसंधारणाच्या पहिल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळवलं, तेही पाणी नव्हतं म्हणून. कृष्णा वर उगम पावते आणि तालुक्याच्या कडेनं वाहते. डोंगरावरचं रान राहिलं तरच ती उन्हाळ्यात वाहील, म्हणून महाबळेश्वरात काय बांधलं जातं हा कोरेगावकरांचाही प्रश्न आहे.

१७ जानेवारी २००१ ला केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. जंगल वाचवायला ते आवश्यकच होतं. पण नियमांचा भार सारखा पडला नाही. स्थानिकाला मुलाच्या लग्नासाठी एक खोली वाढवायची तर परवानगीसाठी चकरा माराव्या लागतात, आणि बाहेरच्या धनिकाचा बंगला वर्षातले दोन-तीन आठवडे सोडले तर कुलूपबंद असतो. जमिनीचे भाव त्या बंगल्यांच्या हिशेबानं चढतात, शिक्षक-परिचारिकांच्या पगाराच्या हिशेबानं नाही. स्वित्झर्लंडनं या दुखण्यावर ११ मार्च २०१२ ला सार्वमत घेतलं आणि कोणत्याही गावात सुट्टीपुरत्या घरांचं प्रमाण वीस टक्क्यांवर जाऊ नये, असं थोड्या मतांच्या फरकानं ठरवलं. तिथल्या डोंगरगावांत याला कडवा विरोध झाला, कारण बांधकाम हाच अनेकांचा रोजगार होता. तरी प्रश्न लोकांसमोर ठेवला गेला.

आता सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या शेकडो गावांचं ‘नवीन महाबळेश्वर’ करण्याची योजना राज्य सरकारनं हाती घेतली आहे. कोयना-कासच्या बाजूचा तो डोंगर तितकाच नाजूक आहे आणि तिथल्या तरुणांना गावातच काम हवं आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुन्या महाबळेश्वरचा करार गव्हर्नर आणि महाराज यांच्यात झाला, धावडांना कोणी विचारलं नाही. या वेळी आराखड्यावर सही होण्याआधी प्रत्येक गावाची ग्रामसभा भरवावी, ती जुलैत भरवावी, आणि पावसात तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं आधी लिहून घ्यावं.