परतीच्या वाटेवरचा प्रेक्षक

मराठी रंगभूमीचा इतिहास 1843 सालच्या सांगलीपासून, विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून, सुरू करण्याची प्रथा आहे. या इतिहासात नाटककार, नट व मंडळ्या आहेत. प्रेक्षक मात्र आसनस्थच भेटतो. तो कोठून आला आणि पडदा पडल्यावर घरी कसा पोहोचला, हे आपल्या समीक्षेने क्वचितच विचारले. सुझन बेनेट यांनी 1990 साली प्रेक्षकांविषयीच्या ग्रंथात नाटक निवडणे, तिकीट काढणे, नाट्यगृहापर्यंत पोहोचणे या गोष्टींनाही आस्वादाच्या विचारात स्थान दिले. माजलगावातून पाहताना तर हा मुद्दा टाळताच येत नाही.

सिंदफणेकाठचे हे गाव 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. मनमाड–हैदराबाद लोहमार्ग गोदावरीच्या उत्तरेकडून जालना, सेलू, परभणी असा गेला. माजलगाव दक्षिणेला राहिले. पडदे-पेट्यांचा संसार घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना रेल्वे सोयीची होती. त्यामुळे येथल्या रसिकाने नाटकाकडे जायचे, म्हणजे पाथरीमार्गे मानवत रोड वा परभणी गाठायची. पुढील काळात एस.टी.ने औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

येथे कालावधीचा प्रश्न निर्णायक ठरतो. तमाशा, जागरण-गोंधळ रात्रभर चालत. जुनी संगीत नाटकेही पहाटेपर्यंत रंगत. या दीर्घतेला पाल्हाळ म्हणणे ही शहरी घाई आहे. उजाडल्यावर संपणारा खेळ परगावच्या प्रेक्षकाला वाट दिसण्याची हमी देतो. रात्र काढायला वेगळा निवारा शोधावा लागत नाही. याउलट रात्री साडेनऊचा प्रयोग मध्यरात्रीनंतर संपतो, तेव्हा शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते. आप्तांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशीची रजा, आणि स्त्री-प्रेक्षक असल्यास घरच्यांची संमती, एवढी जुळवाजुळव केवळ दोन अंकांसाठी! चित्रकलेची गत याहून कठीण. 1952 पासून मुंबईत जहांगीर कलादालन आहे. पण तेथील प्रदर्शन साधारणतः आठवडाभराचे, आणि त्याचे परीक्षण येथे वाचायला मिळेपर्यंत भिंती रिकाम्या झालेल्या असतात.

‘आविष्कार’ने 1970च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकाला घर दिले. त्या चळवळीचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र तिचा ‘मोजका, जाणता प्रेक्षक’ घडवण्यात दादर स्थानकाच्या सान्निध्याचाही वाटा होता, हे तिच्या गौरवलेखनात येत नाही. जाणतेपणाला लोकलचे वेळापत्रक लाभले होते.

मग मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ‘प्रयोगदृष्टी नाही’ असा शेरा मारण्याआधी थांबले पाहिजे. त्याला नाटक बहुधा प्रथम भेटले ते क्रमिक पुस्तक म्हणून. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत जब्बार पटेल यांच्या प्रयोगात डुलत, गात, उघडत-मिटत होती. माजलगावच्या वाचकापुढे ती रंगसूचना म्हणून छापील ओळीत आली, आणि ती हलती करण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागले.