कॅरल घराण्याचा कुलपुरुष

लॉर्ड वेलस्लीचे नाव मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. १८०२ साली वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावास बांधून घेणारा आणि पुढल्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी युद्ध मांडणारा तोच हा गव्हर्नर जनरल. पुढे आयर्लंडात राजप्रतिनिधी असता, १८२५ साली, त्याने दुसरा विवाह केला. वधू मारियान ही अमेरिकेतील एक कॅथलिक विधवा. तिचे आजोबा, मेरिलंडचे चार्ल्स कॅरल, तेव्हा ८८ वर्षांचे होते. ज्या जाहीरनाम्याने अमेरिकेने इंग्लंडच्या राजाशी नाते तोडले, त्यावर या आजोबांची सही होती! तीस नातजावई म्हणून त्याच राजसत्तेचा प्रतिनिधी लाभावा, हा योग खरोखर विलक्षण.

कॅरल यांचा जन्म १७३७ चा. मेरिलंडची वसाहत १६३४ साली कॅथलिकांना आसरा म्हणून वसविली गेली. परंतु १६८९ च्या उलथापालथीनंतर तेथे त्यांनाच परके मानण्यात येऊ लागले. त्यांना मत नाही, अधिकारपद नाही, वकिली नाही, उघड उपासनाही नाही. मिस्सा व्हावयाची ती घराच्या छपराखाली. १७५६ साली त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. कॅरल घराणे वसाहतीतील अत्यंत श्रीमंतांपैकी, पण त्यांच्या मोलकऱ्याच्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यास जे हक्क मिळू शकत ते या जमीनदारास नव्हते.

अकरा वर्षांच्या मुलास बापाने फ्रान्सच्या हद्दीतील सेंट ओमेर येथील जेझुइटांच्या विद्यालयात पाठविले, ते तब्बल सोळा वर्षांसाठी. कायद्याचा अभ्यास लंडनला झाला, आणि तोही मायदेशी वकिली करता येणार नाही हे ठाऊक असताना! बापाने आईशी विधिवत लग्न लाविले ते मुलगा वीस वर्षांचा होत आल्यावर. तो वारशास लायक ठरेपर्यंत बाप थांबला, असा इतिहासकारांचा तर्क आहे. आई १७६१ साली वारली. मुलगा परतला १७६५ साली. अकराव्या वर्षी निरोप घेतलेली ती माउली त्यास पुन्हा दिसली नाही. धर्मनिष्ठेची ही किंमत कोणत्याही करपत्रकात नोंदलेली सापडावयाची नाही.

१७७० साली गव्हर्नराने सरकारी शुल्के आपल्या हुकमाने बसविली होती; १७७३ साली कॅरल यांनी ‘पहिला नागरिक’ या टोपणनावाने वृत्तपत्रातून त्यांवर हल्ला चढविला. प्रतिपक्षी डॅनियल ड्युलनी हा नामांकित कायदेपंडित. ज्याला मत देण्याचाही अधिकार नाही, त्याने राज्यकारभारावर बोलावे काय, असा त्याचा टोमणा. लोक मात्र कॅरलांच्या बाजूस वळले. तीन वर्षांनी ५६ सह्यांत एकमेव कॅथलिक सही त्यांची पडली. राजाने आपल्याला नेमके ओळखावे म्हणून त्यांनी ‘कॅरल्टनचा’ असे पुढे जोडले, ही कथा विद्यार्थ्यांस फार आवडते. ती खरी नव्हे. वडिलांचेही नाव चार्ल्सच असल्याने ते परतल्यापासूनच तशी सही करीत.

संसारात सुख बेताचेच. सात अपत्यांपैकी तीनच जगली. १७८२ साली वडील आणि पत्नी पंधरा दिवसांच्या आत गेली. एकुलता पुत्र दारूच्या आहारी जाऊन १८२५ साली, म्हणजे नातीच्या लग्नाच्याच वर्षी, निवर्तला. म्हाताऱ्याची उपासना मात्र चुकली नाही. डोरेगन येथील वाड्यातले प्रार्थनामंदिर हेच त्याचे आश्रयस्थान होते.

पण त्या वाड्याच्या शेतांवर शेकडो गुलाम राबत होते, हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे कसे होणार? गुलामगिरी हळूहळू नष्ट करण्याचे विधेयक कॅरल यांनी १७९७ साली मेरिलंडच्या सेनेटात मांडले होते. ते फसले. आपल्या पदरच्या साऱ्या गुलामांस मुक्त करण्यास मात्र विधेयक लागत नव्हते. ते त्यांनी केले नाही. स्वतः चाळीस वर्षे बहिष्कृत नागरिक म्हणून काढलेल्या माणसाचा हा संयम मला उमगत नाही.

१८२६ च्या ४ जुलैस ॲडम्स व जेफरसन एकाच दिवशी गेले आणि सही करणाऱ्यांत कॅरल एकटे उरले. दोन वर्षांनी, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसविला. १४ नोव्हेंबर १८३२ रोजी, ९५ वर्षांचे असता, त्यांचे देहावसान झाले. डोरेगनच्या त्याच प्रार्थनामंदिराच्या फरशीखाली त्यांना मूठमाती दिली. मेरिलंडातील गुलाम मुक्त झाले ते १८६४ साली.